ब्रेडेड लाइन घेताना आणि रिळावर भरताना या चुका टाळा

सुकती (ओहोटी) लागता लागता खाडीच्या तोंडाशी गळाला जिताडा लागला होता. लाइन सरसर सुटायला लागली म्हणून ड्रॅग, म्हणजे रिळाचा ब्रेक, आवळला. पार शेवटपर्यंत आवळला तरी लाइन सुटतच राहिली, आणि ड्रॅगची टिकटिक मात्र ऐकू येईना. मासा खडपाकडे (खडकाकडे) वळला, कालवांच्या शिंपल्यांवर लाइन घासली आणि हातात नुसती हलकी काठी उरली. घरी येऊन मी रीळ उघडलं, ड्रॅगचे वॉशर बदलले, ग्रीस लावलं. दुसऱ्या दिवशी लाइन दाराच्या कडीला बांधून ओढून पाहिली, तेव्हा कुठे दोष दिसला. स्पूल (रिळाचं लाइन गुंडाळायचं चाक) जागच्या जागी होता आणि त्यावरची अख्खी लाइन एका गठ्ठ्यासारखी त्याच्याभोवती गोल फिरत होती.

ब्रेडेड लाइनबद्दलच्या बऱ्याच तक्रारींचं मूळ असंच घरी, स्पूल भरतानाच्या पंधरा मिनिटांत असतं. ही लाइन पॉलिइथिलीनच्या अतिशय मजबूत धाग्यांची विणलेली असते. डायनिमा आणि स्पेक्ट्रा ही त्याच धाग्याची व्यापारी नावं. हा धागा गुळगुळीत असतो आणि जवळजवळ ताणला जात नाही. नायलॉनचा तंगूस ताणून गुंडाळला की आक्रसून स्पूलला घट्ट धरतो. ब्रेडेड धरत नाही. म्हणून स्पूलवर आधी थोडा तंगूस गुंडाळायचा आणि त्याला ब्रेडेड जोडायची, नाहीतर निदान इन्सुलेशन टेपचा एक वेढा देऊन त्यावर बांधायची. काही स्पूलवर रबराची पट्टी बसवलेलीच येते, तिथे थेट बांधली तरी चालतं. तुमच्या रिळाचा ड्रॅग 'गेला' असं वाटत असेल, तर दुरुस्तीला देण्याआधी कडीची ही परीक्षा करून बघा.

आता खरेदीकडे. दुकानात पहिला प्रश्न 'किती पौंडाची?' असा असतो, आणि पहिली चूक तिथेच होते. स्पिनिंग रिळासाठी आधी जाडी बघायची. डब्यावर पीई (पॉलिइथिलीन) 1, पीई 2 असे आकडे असतात, ते जपानी मापाचे. पीई 1 म्हणजे सुमारे 0.165 मिलिमीटर, पीई 2 म्हणजे 0.235, पीई 3 म्हणजे 0.285. चांगल्या कंपनीची पीई 2 साधारण 30 पौंडांच्या आसपास तुटते. तुमचा जिताडा किंवा तांबोशी त्यात आरामात येते. 'मोठा मासा लागला तर?' या भीतीने लोक 3000 च्या (हा रिळाच्या आकाराचा नंबर) रिळावर 60 पौंडाची दोरी भरतात. मग ल्युअर (खोटं आमिष) लांब जात नाही आणि प्रवाहात लाइनला पाण्याचा जोर बसतो. माझ्या मते 3000 च्या रिळाला पीई 1 ते 1.5, 4000 ला 1.5 ते 2 आणि खडपावरून जड ल्युअर फेकणाऱ्या 5000-6000 ला पीई 3 पुरते.

स्वस्त लाइनच्या डब्यावर जाडी कमी छापलेली असते, हेही पुष्कळदा दिसतं. घरी तपासता येतं. पेन्सिलीवर 20 वेढे एकमेकांना चिकटून द्या आणि पट्टीने मोजा. पीई 2 चे साधारण पाच मिलिमीटर भरतात. वेण थोडी चपटी होते, त्यामुळे अर्धा मिलिमीटर इकडेतिकडे चालेल. सात-आठ भरले तर डब्यावरच्या पौंडांवरही विश्वास ठेवू नका.

चार पदरी घ्यायची की आठ पदरी? आठ पदरी गोल, मऊ, काठीवरच्या कड्यांतून आवाज न करता जाते आणि लांब पडते. चार पदरी थोडी खरखरीत, पण स्वस्त. खाडीत ल्युअर फेकायला मी आठ पदरीच सांगेन.

स्पूलमध्ये किती मावेल याचा हिशेब बरेच जण करत नाहीत आणि मग एक तर अर्धा स्पूल रिकामा राहतो किंवा लाइन ओसंडते. स्पूलवर '0.30-200' लिहिलंय, म्हणजे 0.30 मिलिमीटरचा 200 मीटर तंगूस मावतो. जाडीचा वर्ग करून मीटरने गुणायचं: 0.09 गुणिले 200, म्हणजे 18. तुमच्याकडे पीई 2 ची 150 मीटर लाइन आहे, तिचे होतात सव्वाआठ. उरले पावणेदहा, त्यांना 0.09 ने भागलं की 108. तेव्हा खाली साधारण 100 मीटर तंगूस, वर 150 मीटर ब्रेडेड. सगळी 300 मीटर विकत घ्यायची गरजच नाही.

भरताना कडेपासून दीड-दोन मिलिमीटर जागा सोडा. कडेपर्यंत भरली की फेकताना एकदम चार-पाच वेढे उचलले जातात आणि पहिल्या कडीपाशी गुंता होतो. आणि भरायची ती ओल्या फडक्यातून दाबून, ताणावर. सैल भरलेली लाइन मासा ओढायला लागला की खालच्या थरात रुतते. पुढच्या फेकीला ती अडकते, 'फट्' आवाज होतो आणि ल्युअर एकटाच समुद्रात जातो. लाइन 'अचानक तुटली' असं सांगणाऱ्याला मी आधी हेच विचारतो.

वाऱ्यात पडणाऱ्या गाठींचं कारण बहुधा बेल, म्हणजे रिळावरची तारेची कमान, असते. हँडल फिरवून बेल पाडली की सैल लाइनचा एक फास स्पूलवर बसतो आणि पुढच्या फेकीला गाठ होऊन बाहेर येतो. बेल हातानेच पाडा, लाइन बोटांत धरून ताणून घ्या आणि मगच गुंडाळा.

लीडर (लाइन आणि गळ यांच्या मधला जाड तुकडा) न लावता ब्रेडेडला थेट गळ बांधणं ही खडपावर न परवडणारी चूक आहे. ताणलेली ब्रेडेड कालवाच्या धारेला टेकली की संपली. दीड-दोन मीटर 30-40 पौंडांचा फ्लुरोकार्बन किंवा जाड तंगूस लावा. जोडायला एफजी गाठ उत्तम, कारण ती बारीक होते आणि कड्यांतून जाते. जमत नसेल तर डबल युनी. गाठ आवळण्याआधी थुंकीने किंवा पाण्याने ओली करायचीच, कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने धागा कमजोर होतो. ड्रॅग लाइनच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर ठेवा. 30 पौंड म्हणजे 13.6 किलो, तर ताणकाट्यावर साडेतीन किलोच्या आत. लाइन ताणत नाही, म्हणून झटका सगळा गळावर आणि माशाच्या जबड्यावर येतो.

नवी लाइनही विसविशीत व्हायला लागली तर कड्या तपासा. कापसाचा बोळा प्रत्येक कडीतून फिरवा; जिथे कापूस अडकेल तिथे आतली चकती तडकलीय. रिळावरचा छोटा रोलर बोटाने फिरतो का तेही बघा, मिठाने तो जाम होतो. रंग उतरला म्हणून मात्र लाइन टाकू नका, ब्रेडेडचा रंग जातोच.

आणि गळ खडपात अडकला तर लाइन हाताला गुंडाळून ओढू नका. ती बोट हाडापर्यंत कापते. लाकडाच्या तुकड्याला चार वेढे द्या, काठी सरळ धरा आणि मागे चालत जा. तुटलेले तुकडे खिशात घालून घरी आणा. ही लाइन कुजत नाही, आणि वेळास-आंजर्ल्याच्या किनाऱ्यांवर दरवर्षी कासवं अंडी घालायला येतात.