रणगाड्यांचा हल्ला फसतोय? या चुका टाळा

इंदूरला राजेंद्रनगरात आमच्या घरी रविवारी दुपारी पँझर कोअर या दुसऱ्या महायुद्धावरच्या कॉम्प्युटर गेमचा डाव रंगतो. खेळतो भाचा, शेजारी बसतो मी. परवा त्याने एकाच टर्नमध्ये चार रणगाडे एका शहरावर सोडले. तीन अर्धमेले झाले, शहर जागच्या जागी. "मामा, टँक सगळ्यात ताकदवान ना? मग मार आपणच का खातोय?"

टँकमध्ये खोट नव्हती. चालींचा क्रम चुकला होता, आणि असे बहुतेक हल्ले तिथेच फसतात.

पहिला घाव टँकचा

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. शहरात बसलेली तुकडी दरेक टर्नला मोर्चेबंदी वाढवत असते. तिच्यावर एक हल्ला झाला की मोर्चेबंदी एका पायरीने उतरते. म्हणजे पहिला हल्ला करणारा सगळ्यात पक्क्या मोर्च्यावर डोकं आपटतो. ते काम तोफखान्याला द्या. तोफखाना फार माणसं मारत नाही म्हणून नवे खेळाडू त्याला कमी लेखतात. पण त्याचं खरं काम शत्रूला दाबून धरणं. समजा समोर दहा बळाची, म्हणजे दहा जण लढू शकतील अशी, तुकडी आहे. तोफांनी एकच मारला, पण चार दबले. आता तुमचा टँक भिडेल तेव्हा उलट मारा करायला पाचच उरले.

यात एक गोष्ट भाच्याला दोनदा सांगावी लागली. तोफांचा हा दाब त्या टर्नपुरताच टिकतो. या टर्नला तोफा डागल्या आणि टँक पुढच्या टर्नला पाठवला, तर दबलेले सगळे पुन्हा उभे राहतात. शिवाय ट्रकला जोडून नेलेली तोफ त्याच टर्नमध्ये उतरवून डागता येत नाही. म्हणून हल्ल्याच्या आदल्या टर्नलाच तोफा पल्ल्यात आणून ठेवाव्या लागतात. टँकचा हल्ला खरं तर तिथून सुरू होतो.

आणि शत्रूच्याही तोफा असतात. ज्या तुकडीवर तुम्ही चाल करता तिच्या लगतच्या घरात, म्हणजे नकाशावरच्या शेजारच्या खणात, त्यांचा तोफखाना असेल, तर तो तुमच्या टँकवर आधी डागतो. आधी त्याच्यावर विमानं घाला, नाहीतर त्याच्या आधाराबाहेरची तुकडी निवडा.

टँक शहरात, पायदळ मागे

शहर किंवा जंगलाच्या घरात पायदळाशी गाठ पडली की टँकचं नेहमीचं चिलखत हिशेबात धरलं जात नाही. तिथे जवळच्या लढाईतला बचाव लागू होतो, आणि बहुतेक टँकांचा तो आकडा फारच लहान असतो. भाच्याला हा नियम अन्यायाचा वाटला. आमच्या शेजारचे सुभेदार काका महूहून निवृत्त झालेत, पायदळातले. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "बरोबर आहे की. झाकण लावलेल्या टँकला बाजूचं दिसतं कुठे? सोबत पायदळ नसेल तर तो आंधळाच."

याचे दाखले खऱ्या युद्धातही आहेत. जुलै १९४३ मध्ये रशियातल्या कुर्स्कला जर्मनांनी फर्डिनांड ही रणगाडाविरोधी गाडी उतरवली. चिलखत प्रचंड जाड, तोफ ८८ मिलीमीटरची, पण जवळ आलेल्या पायदळाला रोखायला मशीनगनच नव्हती. सोबतचं पायदळ मागे पडलं की ती उघडी पडायची. पुढे दुरुस्तीत मशीनगन बसवण्यात आली. जमिनीचंही तसंच. सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या असल उत्तरला पाकिस्तानचे पॅटन टँक पाणी सोडलेल्या उसाच्या शेतांत रुतले, आणि भारतीय जवान अब्दुल हमीद यांनी जीपवरच्या रणगाडाविरोधी रिकॉइललेस तोफेने त्यांचा वेध घेतला. म्हणून टँकला मोकळं मैदान द्या, शहरात पायदळ घाला.

धुक्यात उडी

न दिसणाऱ्या घरात टँक ढकलला आणि तिथे शत्रू निघाला, तर चाल तिथेच थांबते आणि मार बसतो. टेहळणीची गाडी टप्प्याटप्प्याने चालवता येते. तिला आधी पुढे काढा, मगच टँक हलवा.

जखमी टँक आघाडीवरच

चार बळाचा टँक शत्रूला चिकटून उभा ठेवू नका. लगत शत्रू असेल तर नवी कुमक आणि रसद कमी मिळते, आणि रसद भरण्यात त्याची ती टर्न जातेच. दोन घरं मागे घ्या, भरा, परत आणा. तोवर पुढची जागा पायदळाने धरायची.

या रविवारी भाच्याने त्याच शहरावर पुन्हा चाल केली. टेहळणी, मग विमानं शत्रूच्या तोफखान्यावर, मग दोन तोफा, मग पायदळ. टँक त्याने शहराला वळसा घालून मागच्या मोकळ्या घरांत नेऊन ठेवले होते. मार खाल्लेली तुकडी मागे हटू पाहत होती, पण हटायला घरच उरलं नव्हतं. तिने शरणागती पत्करली. एकाही टँकचं बळ कमी झालं नव्हतं. सुभेदार काका खुर्ची पुढे ओढून म्हणाले, "आता नदीवरचा पूल घे, पण आधी तोफा हलव."