ड्रायरमधून कपडे ओलसरच निघतात?

ड्रायर तासभर फिरूनही कपडे दमट राहत असतील, तर मेकॅनिकला फोन करण्याआधी कपड्यांना हात लावून बघा. गरम पण ओले असतील, तर हीटर ठीक आहे. दमट हवा बाहेर पडत नाहीये. थंडगारच असतील, तर मात्र हीटर किंवा थर्मल फ्यूज (मशीन जास्त तापलं तर वीज तोडणारा भाग) गेलेला असू शकतो, आणि ते काम जाणकाराचंच.

बहुतेक वेळा दोष हवेच्या वाटेत असतो. फिल्टरवरचा लिंट, म्हणजे कपड्यांचा भुसा, दरवेळी काढायचाच. पण ड्रायर शीट (कपडे मऊ व्हावेत म्हणून ड्रायरमध्ये टाकायचा कागदासारखा पातळ तुकडा) वापरत असाल, तर स्वच्छ दिसणाऱ्या जाळीवरही एक पातळ थर बसतो. जाळी नळाखाली धरा: पाणी आरपार न जाता वर साचलं, तर कोमट पाणी, साबण आणि जुना टूथब्रश घेऊन घासा. पूर्ण वाळल्यावरच परत बसवा.

मग मशीन चालू असताना, घराबाहेर जिथून ड्रायरची हवा सुटते त्या तोंडाशी हात धरा. झोत मंद वाटला, तर मशीन बंद करून, प्लग काढून मागचा पाइप तपासा. भिंतीला टेकून तो हमखास चेपतो. आत साठलेला भुसा पेटूही शकतो, त्यामुळे इथे चालढकल नको.