नव्या पोरांना मार्केटला पाठवण्याआधी

चादर-टॉवेलच्या धंद्यात नवा सेल्समन रुजू झाला, की दुसऱ्याच दिवशी हातात सॅम्पलची बॅग आणि टार्गेट देऊन त्याला नव्या पेठेत सोडायचं, ही सोलापुरातली रीत मला मनापासून खटकते. नुकतंच बीकॉम झालेलं पोरगं पहिल्याच नकाराला बिचकतं आणि आपण म्हणतो, आजकालची पोरं टिकत नाहीत. तयारी आपली कच्ची असते.

ओळखपत्र, ताजे दरपत्रक आणि फिरतीचा भत्ता कोणत्या तारखेला मिळणार हे लेखी, एवढं तो येण्याआधीच तयार ठेवा. पहिल्याच महिन्यात पेट्रोलला घरून पैसे मागावे लागले, तर घरचेच म्हणतात, सोड ती नोकरी.

पहिला आठवडा फक्त मालाचा. कारखान्यात पाठवा, जकार्डच्या मागासमोर उभं करा. चादरीवरची नक्षी छापत नाहीत, विणतात, हे त्याने डोळ्यांनी बघितलेलं असू दे. मग वजनकाटा घ्या. ३० बाय ६० इंचाचा, ५०० जीएसएमचा (म्हणजे चौरस मीटरला ५०० ग्रॅम वजनाचा) टॉवेल साधारण ५८० ग्रॅम भरायला हवा. हा हिशेब त्याच्याकडूनच मांडून घ्या आणि टॉवेल काट्यावर ठेवायला लावा. उद्या दुकानदार म्हणाला, ‘तुमचा माल हलका आहे,’ तर पोरगं शांतपणे म्हणेल, ‘काटा आणा शेठ, आत्ता बघू.’ हा धीर भाषणांनी येत नाही. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेल दोन्हींना भौगोलिक मानांकन आहे, म्हणजे बाहेरचा माल या नावाने विकता येत नाही, हेही त्याला दुकानदाराला समजावून सांगता आलं पाहिजे.

बिलाचं थोडक्यात. जीएसटी क्रमांक पंधरा अंकी-अक्षरी असतो आणि पहिले दोन अंक राज्याचे: महाराष्ट्र २७, कर्नाटक २९, तेलंगणा ३६. विजयपूर, कलबुर्गीचं, म्हणजे कर्नाटकातलं गिऱ्हाईक असेल तर आयजीएसटी, म्हणजे परराज्यातल्या विक्रीवरचा जीएसटी लागतो. इथे चूक झाली की दुकानदाराचं क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या कराची वजावट, अडकतं आणि ओळख व्हायच्या आधीच नाव खराब होतं.

सोबत कोणाला द्यायचं, यावर सगळ्यात जास्त विचार करा. सगळ्यात जास्त विक्री करणारा माणूस शिकवायला चांगला असतोच असं नाही. त्याला घाई असते, पोराच्या तोंडचं वाक्य तोच पुरं करतो. थांबून ऐकणारा माणूस द्या. दुकानात चूक झाली तर तिथे बोलायचं नाही, बाहेर चहाच्या टपरीवर बोलायचं, हे त्याच्याकडून आधीच कबूल करून घ्या. जुनी वसुली नव्या पोराच्या गळ्यात मारू नका. ती उधारी त्याने दिलेली नाही. घरी तेलुगू बोलणाऱ्याला शहराचा पूर्व भाग द्या, कन्नड येणाऱ्याला अक्कलकोट.

पहिल्या महिन्यात रुपयांचं टार्गेट नकोच. किती दुकानं पाहिली, कोणाकडे काय खपतं, एवढंच रोज संध्याकाळी विचारा. मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर असतो, तेव्हा फिरती सकाळी आणि संध्याकाळी ठेवा.

आणि मुलगी रुजू होणार असेल तर बार्शी, मोहोळ, पंढरपूरच्या मार्गावर स्वच्छतागृहाची सोय कुठे आहे, परतीची शेवटची एसटी किती वाजता आहे, हे आधी स्वतः विचारून घ्या आणि तिच्या वहीत लिहून द्या.