घरची फिल्टर कॉफी: पुडीपासून पेल्यापर्यंत

मराठी घरांत कॉफी बहुतेक वेळा चहाच्याच पातेल्यात आणि चहाच्याच रीतीने होते. पाणी, दूध, साखर आणि पावडर एकत्र उकळायची, वरून जायफळ किसायचे आणि गाळून प्यायची. इन्स्टंट कॉफीला ही रीत चालून जाते, कारण ती मुळात एकदा तयार करून वाळवलेलीच कॉफी असते. दळलेल्या खऱ्या बियांना मात्र उकळी मानवत नाही. उकळताना सुगंध वाफेबरोबर स्वयंपाकघरभर पसरतो आणि पेल्यात कमी उरतो. शिवाय पुडीतला कडू, तुरट अंश नको तितका पाण्यात उतरतो. दक्षिणेतल्या घरांत वापरला जाणारा दोन मजली फिल्टर, म्हणजे तळाला बारीक भोके असलेले वरचे भांडे आणि अर्क जमण्यासाठी खालचे भांडे, ही अडचण साध्या युक्तीने सोडवतो. त्यात गरम पाणी पुडीतून एकदाच, सावकाश खाली झिरपते आणि तयार झालेला अर्क, ज्याला सगळीकडे डिकॉक्शन म्हणतात, पुन्हा आचेवर चढत नाही.

पुडीची निवड बियांपासून सुरू होते. जुन्या मराठीत या बियांना बुंद म्हणत. तो शब्द आता जवळजवळ नाहीसा झाला आहे. भारतात प्रामुख्याने अरेबिका आणि रोबस्टा या दोन जातींची लागवड होते आणि देशातील बहुतांश कॉफी कर्नाटकातील कोडगू, चिक्कमगळूर आणि हासन या भागांतून येते. अरेबिकाचा सुगंध नाजूक आणि चव किंचित आंबटसर असते, तर रोबस्टा अधिक कडू, दाट आणि कॅफीनच्या बाबतीत सुमारे दुपटीने जोरकस असते. दूध घालून प्यायच्या कॉफीत केवळ अरेबिका पुष्कळदा फिकी पडते. म्हणून तीन भाग अरेबिका आणि एक भाग रोबस्टा हे मिश्रण सुरुवातीला घ्यावे आणि पुढे जिभेप्रमाणे बदलावे.

दुकानातील पाट्यांवरचे शब्द प्रथम गोंधळात टाकतात. ‘प्लँटेशन’ म्हणजे फळाचा गर पाण्याने काढून मग वाळवलेली अरेबिका. त्यापुढील ‘ए’ किंवा ‘एए’ ही अक्षरे दाण्याचा आकार सांगतात. त्याच पद्धतीच्या रोबस्टाला ‘पार्चमेंट’ म्हणतात, आणि फळ अख्खेच उन्हात वाळवून काढलेल्या बियांना ‘चेरी’. ‘पीबेरी’ म्हणजे ज्या फळात दोन चपट्या बियांऐवजी एकच गोल बी तयार झाली, ती. गोल दाणा सगळीकडून सारखा भाजला जातो म्हणून त्याला मान आहे, परंतु केवळ त्या नावासाठी जास्त पैसे मोजावेत असे मला वाटत नाही. ‘मॉन्सून्ड मलबार’ मात्र एकदा तरी अवश्य चाखून पाहावी. पश्चिम किनाऱ्यावरील गोदामांत या बिया पावसाळी दमट वाऱ्यावर मुद्दाम ठेवल्या जातात. त्या फुगतात, पिवळसर पडतात आणि त्यांचा आंबटपणा जवळजवळ निघून जातो. ज्यांना कॉफीने घशाशी येते अशी तक्रार असते, त्यांना तिची चव विशेष आवडते.

चिकोरीविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. ती एका वनस्पतीच्या मुळाची भाजलेली पूड आहे आणि तिच्यात कॅफीन मुळीच नसते. पाण्यात ती कॉफीपेक्षा अधिक विरघळते, म्हणून डिकॉक्शनला काळा रंग, दाटपणा आणि गुळचट कडवटपणा येतो. पुडीने पाणी थोडे धरून ठेवावे, हेही काम ती करते. तिला सरसकट भेसळ म्हणणे अन्याय आहे. पण चिकोरी स्वस्त असल्यामुळे तिचे प्रमाण वाढवण्याचा मोहही विक्रेत्याला असतो. मिश्रणात किमान 51 टक्के कॉफी असावी असा नियम आहे आणि दोन्हींचे प्रमाण पाकिटावर छापावे लागते. ते बारीक अक्षर वाचूनच पाकीट घ्यावे. 80 टक्के कॉफी आणि 20 टक्के चिकोरी हे प्रमाण दुधाच्या कॉफीला शोभते. 60-40 झाले की आपण मुख्यत्वे चिकोरीची चव पीत असतो.

मात्र जात, आकार आणि चिकोरी या सगळ्यांहून मोठा फरक पडतो तो ताजेपणाने. भाजलेला अख्खा दाणा नीट बंद ठेवला तर तीन-चार आठवडे चांगला राहतो; दळल्यानंतर हाच काळ आठवड्या-दोन आठवड्यांवर येतो. किराण्याच्या यादीत महिन्याची पावडर एकदम भरण्याची आपली सवय येथे आड येते. मुंबईत माटुंग्याला आणि इतर शहरांतही दाक्षिणात्य वस्तीच्या आसपास समोर दळून देणारी दुकाने आहेत; तेथून एका वेळी शंभर किंवा दोनशे ग्रॅमच घ्यावी. दळण रव्यापेक्षा बारीक पण मैद्यापेक्षा निश्चितच भरड हवे. दुकानदाराला ‘फिल्टरसाठी’ एवढे सांगितले तरी त्याला कळते. पूड हवाबंद डब्यात, अंधाऱ्या कपाटात ठेवावी. रोजच्या वापराची पूड फ्रीजमध्ये ठेवू नये, कारण डबा उघडताच दमट हवा आत शिरते आणि शेजारच्या लसणीच्या चटणीचा वासही पूड बिनतक्रार घेते.

फिल्टर स्टेनलेस स्टीलचा पुरेसा आहे. तो घेताना आकाराकडे मात्र लक्ष द्यावे. दोन माणसांच्या घरात आठ कपांचा फिल्टर आणला तर पुडीचा थर पातळ राहतो आणि पाणी त्यातून धावत खाली जाते. थर किमान अंगठ्याच्या एका पेराइतका जाड भरला पाहिजे. भोके बारीक आणि सारखी आहेत का, हे भांडे उजेडासमोर धरून पाहावे.

दोन कपांसाठी सुमारे 20 ग्रॅम, म्हणजे साधारण तीन ते चार मोठे चमचे पूड आणि 120 मिलिलिटर पाणी घ्यावे. वरचे भांडे पूर्ण कोरडे असावे, नाहीतर ओली पूड भोकांत बसते. पूड घालून भांडे एकदा हलकेच आपटून ती सपाट करावी आणि फिल्टरबरोबर मिळणारी दांड्याची चकती तिच्यावर अलगद ठेवावी. दाबण्यासाठी तिचे स्वतःचे वजनच बहुधा पुरते. पाणी नुकते उकळून अर्धा मिनिट थांबलेले, म्हणजे 92 ते 96 अंशांच्या आसपास असावे. (महाबळेश्वरच्या उंचीवर पाणी 95-96 अंशांनाच उकळते, तेव्हा तेथे थांबण्याचे कारणच नाही.) प्रथम दोन-तीन चमचे पाणी सगळीकडे फिरवून घालावे आणि अर्धा मिनिट वाट पाहावी. पूड ताजी असेल तर ती फुगून बुडबुडे सोडते, कारण भाजताना दाण्यात अडकलेला कार्बन डायऑक्साइड तेव्हा बाहेर पडतो. हीच ताजेपणाची घरगुती परीक्षा. मग उरलेले पाणी सावकाश ओतून झाकण लावावे आणि पंधरा-वीस मिनिटे भांड्याला हात लावू नये. पूड आपल्या वजनाच्या सुमारे दुप्पट पाणी शोषून घेते, त्यामुळे खाली 80 मिलिलिटरच्या आसपास डिकॉक्शन मिळते.

पाच मिनिटांत सगळे पाणी उतरले तर दळण जाड आहे किंवा थर पातळ आहे, आणि असे डिकॉक्शन पाणचट व आंबट लागते. अर्धा तास होऊनही थेंब पडत नसेल तर दळण फार बारीक आहे किंवा चकती जोरात दाबली गेली आहे. अशा वेळी चकती किंचित सैल करावी आणि झाकण क्षणभर उघडून पाहावे, कारण घट्ट बसलेल्या झाकणाने हवा कोंडूनही धार थांबते.

दूध मलईदार आणि त्याच वेळी तापवलेले असावे. सकाळपासून तीनदा उकळलेल्या दुधाला एक शिजका वास येतो आणि तो कोणत्याही कॉफीला झाकता येत नाही. पेल्यात आधी साखर, त्यावर 40 मिलिलिटर डिकॉक्शन आणि वरून त्याच्या अडीच ते तीन पट कडकडीत दूध घालावे. पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात दोन-तीनदा उंचावरून ओतले की साखर विरघळते, फेस येतो आणि कॉफी पिण्याजोगी निवते. डिकॉक्शन गार झाले असेल तर ते भांडे गरम पाण्यात बुडवून कोमट करावे. त्याच पुडीवर पुन्हा पाणी घालून दुसरे डिकॉक्शन काढण्याची काटकसर अनेक घरांत आहे. ते पहिल्यात थोडे मिसळले तर खपून जाते, पण पाहुण्यांना केवळ त्याचीच कॉफी देऊ नये.

जायफळ सोडण्याची गरज नाही. ते दूध तापत असताना त्यात चिमटीच्या निम्म्याने किसावे, पुडीत मिसळू नये, आणि त्या दिवशी शक्यतो बिनचिकोरीची पूड वापरावी, म्हणजे दोन भाजके कडू स्वाद जायफळाला दडपत नाहीत.

वापर झाल्यावर चोथा लगेच काढून फिल्टर नुसत्या गरम पाण्याने धुवावा आणि उपडा घालून वाळवावा. महिन्यातून एकदा वरचे भांडे चिमट्यात धरून गॅसच्या ज्योतीवर काही क्षण फिरवावे. भोकांत अडकलेले कण जळून सुटतात आणि निवल्यावर घासणीने झटकता येतात. सुईने भोके टोकरू नयेत, कारण एकदा ती मोठी झाली की पूड थेट डिकॉक्शनमध्ये उतरू लागते.