जुनी आरएक्स खोलताय? चाकं सगळ्यात शेवटी

मागच्या मे महिन्यात माझी यामाहाची जुनी मोटरसायकल, आरएक्स १००, खोलायला घेतली. पार्किंगमध्ये तीन पावसाळे उभी होती, त्यामुळे नटबोल्ट जाम असणार हे माहीतच होतं. तरी उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी दोन्ही चाकं, चेन सगळं काढून बाजूला ठेवलं, दुसऱ्या दिवशी इंजिन उतरवलं आणि मग मॅग्नेटचा (क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य दांड्याच्या, टोकावर बसणारं चुंबकाचं चाक) नट काढायला बसलो. इंजिन फरशीवर, मी इंजिनावर, भाऊ मला धरून, आणि नट सोडून सगळे गोल फिरतायत. शेवटी वैतागून मॅग्नेटच्या खिडकीत स्क्रूड्रायव्हर अडकवून जोर लावला तर आतली कॉइल फाडली. आता मित्राची गाडी खोलायचीय म्हणून हे लिहून ठेवतोय.

तर पहिलं म्हणजे चाकं काढायची नाहीत. गाडी चाकांवर, इंजिन फ्रेममध्ये, चेन लावलेली, मागचा ब्रेक चालू, या अवस्थेत जेवढे म्हणून मोठे आणि जाम नट आहेत ते सगळे फक्त अर्धा आटा ढिले करायचे. काढायचे नाहीत, ढिले करायचे. गाडी टॉपच्या गिअरमध्ये टाकायची, दुसऱ्याने मागचा ब्रेक दाबून बसायचं, की क्रँक आपोआप धरला जातो. यातही आधी मॅग्नेटचा नट, नंतर क्लचचा, कारण क्लचप्लेटा निघाल्या की क्रँक आणि चाकाचा संबंध तुटला. क्लचच्या नटाखाली लॉक वॉशर असेल तर त्याचा कान आधी छिन्नीने सरळ करा. इंजिन माउंटिंगचे, हेडचे, सायलेंसरचे, स्विंगआर्मचे (मागचं चाक धरणारा फाटा), सगळे एकदा हलवून घ्यायचे. शंभरेक किलोची गाडी हाच तुमचा बेंच व्हाइस आहे, तो पहिल्याच दिवशी खोलून ठेवू नका.

हत्यारं. पाने असतीलच. गोटी (सॉकेट) मात्र सहा कोनी घ्या, बारा कोनी गोटी गंजलेल्या नटाचं डोकं गोल करते. टॉमीवर (गोटी फिरवायचा दांडा) चढवायला दोन फूट पाइप. इंजिन कव्हरचे स्क्रू दिसायला साधे स्टारचे, पण जपानी गाड्यांना जेआयएसचे (जपानी मापाचे) असतात, आपला नेहमीचा स्टार त्यात नीट बसत नाही, वर उचलला जातो आणि खाच खातो. जेआयएसचे बिट आणि हातोडी मारून फिरणारा इम्पॅक्ट ड्रायव्हर, दोन्ही आणा. पुण्यात बोहरी आळीत चक्कर मारली तर मिळून जाईल, घासाघीस करा. आणि हो, यामाहाच्या उजव्या आरशाचे आटे उलटे असतात, तिथे ताकद दाखवू नका.

तेल दोन-तीन दिवस आधीपासून, रोज संध्याकाळी. पाना हातात घेतल्यावर फुस्स करून लगेच जोर लावायचा हा प्रकार मीही केलाय, काही होत नाही. डब्ल्यूडी-४० मुळात पाणी हटवायला बनवलेलं, हलक्या गंजाला चालतं. जास्त जाम असेल तर मी डिझेल आणि एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं तेल) अर्धंअर्धं करून ब्रशने लावतो. आधी तारेच्या ब्रशने आटे घासा, नाहीतर तेल मातीच पिणार. मग बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे चार सरळ ठोके, आणि सोडायच्या आधी किंचित आवळून बघा, बऱ्याचदा गंज तिथेच तुटतो. टक् आवाज आला तर सुटला. पण आवाज न येता बोल्ट च्युइंगगमसारखा मऊ फिरायला लागला तर थांबा, तो सुटत नाहीये, पिळतोय, अजून पाव फेरा दिला की तुटणार. परत आवळा, तेल, उद्या. (हे सगळं करताना गाडी चाकांवरच आहे ना?)

तरी नाही ऐकलं तर गरम करायचं, बोल्ट नाही, भोवतीचं ॲल्युमिनियम. ते लोखंडाच्या जवळपास दुप्पट फुगतं म्हणून पकड सुटते. टाकी आणि कार्बोरेटर काढून लांब ठेवा, नुसतं पेट्रोल काढून भागत नाही, रिकाम्या टाकीतली वाफच जास्त वाईट. लावलेलं तेल पुसा. वाळूची बादली जवळ. ॲल्युमिनियम लाल होऊन इशारा देत नाही, सरळ वितळतं, त्यामुळे ज्योत एका जागी धरायची नाही. सायलेंसरचे स्टड (डोकं नसलेले बोल्ट) गरम असतानाच थोडे मागे-पुढे फिरवत काढा.

स्विंगआर्मचा लांब बोल्ट ठोकून काढताना टोकाला नट बोल्टच्या कडेबरोबर लावून ठेवा, नाहीतर आटे मशरूम होतात. ठोकायला पितळी सळई.

एखादा बोल्ट तुटलाच तर आधी मधोमध सेंटर पंच, मग ड्रिल. एम६ असेल तर ३ ने सुरू करून ५ मिमीपर्यंत, त्याच्या पुढे नाही, तिथून भोकातले आटेच कापले जातात. ईझी-आउट (तुटका बोल्ट काढायचा उलट्या आट्यांचा खिळा) आत तुटला तर तो ड्रिलनेही जात नाही, त्यापेक्षा वेल्डिंगवाल्याकडून तुटक्या बोल्टवर नट वेल्ड करून घ्या, त्याची उष्णताही कामाला येते. आटे गेले तर हेलिकॉइल (भोकात बसवायची नव्या आट्यांची स्प्रिंग), लेथवाला करून देईल.

बाकी पिशव्या, चिठ्ठ्या, फोटो, ते करालच. नवे बोल्ट नाना पेठेतून, जुना नमुना खिशात घालून जा. लावताना आट्यांना कॉपर ग्रीस. आणि आता, मॅग्नेट, क्लच, सायलेंसर सगळं ढिलं झाल्याची परत एकदा खात्री करून, चाकं काढा.