जास्त दाबाचे काडतूस आपल्या शस्त्रात चालेल का, हे कसे ठरवावे

उत्तर आधीच सांगतो. निर्मात्याने नळीवर कोरलेले किंवा माहितीपुस्तिकेत छापलेले काडतूस सोडून त्याहून जास्त दाबाचे काडतूस साध्या रिव्हॉल्व्हरमध्ये किंवा पिस्तुलात घालू नये. एकदा, दोनदा किंवा दहा वेळा काही झाले नाही, म्हणून अकराव्या वेळीही होणार नाही, असे समजणे फार धोक्याचे आहे. हे आपल्या शस्त्रापुरते कसे तपासायचे, ते पुढे सविस्तर लिहीत आहे, कारण आपल्याकडे या प्रश्नाला एक वेगळे वळण आहे आणि परदेशी माहिती वाचून ते लक्षात येत नाही.

घोडा पडला की प्रायमर, म्हणजे काडतुसाच्या बुडातली ठिणगी देणारी टोपी, पेटतो, दारूचा क्षणात वायू होतो आणि गोळी पुढे सरकेपर्यंत तो वायू पुंगळीला (काडतुसाच्या धातूच्या नळकांड्याला) चेंबरच्या, म्हणजे काडतूस बसते त्या खोबणीच्या, भिंतीवर दाबून धरतो. हा दाब किती असावा, याची कमाल मर्यादा अमेरिकेतील ‘सामी’ ही संस्था प्रत्येक काडतुसासाठी ठरवते. नऊ मिलिमीटरच्या साध्या काडतुसासाठी ती ३५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) आहे आणि त्याच मापाच्या ‘प्लस पी’ म्हणजे वाढीव दाबाच्या काडतुसासाठी ३८,५०० आहे. .३८ स्पेशलसाठी हे आकडे १७,००० आणि २०,००० असे आहेत. यापुढे ‘प्लस पी प्लस’ अशीही काडतुसे निघतात, पण त्यांना कोणतीही प्रमाणित मर्यादा नाही. दाब किती, हे ज्याने भरले त्यालाच ठाऊक. काडतुसाच्या आकारावरून दाबाचा अंदाज बांधता येत नाही, हेही येथेच सांगायला हवे. सरावाच्या चिमुकल्या .२२ लाँग रायफल काडतुसाची मर्यादा २४,००० पीएसआय आहे, तर त्याच्यापेक्षा कितीतरी जाड दिसणाऱ्या .३२ स्मिथ अँड वेसन लाँगची केवळ १५,००० आहे.

आता आपल्याकडचे वळण. नऊ मिलिमीटर सर्वसाधारण परवान्यावर मिळत नाही, त्यामुळे ‘प्लस पी’चा डबा कोल्हापुरात कोणाच्या कपाटात असण्याची शक्यता कमी. मात्र सर्वसाधारण परवान्यावरचे शस्त्र बहुधा .३२ बोअरचे असते, आणि ‘बत्तीस बोअर’ या एकाच नावाखाली दोन निराळी काडतुसे वावरतात. एक रिव्हॉल्व्हरचे, म्हणजे वर सांगितलेले .३२ स्मिथ अँड वेसन लाँग. ते १८९६ सालचे आहे. दुसरे .३२ एसीपी, म्हणजे आपोआप भरणाऱ्या पिस्तुलाचे, १८९९ सालचे, आणि त्याची मर्यादा २०,५०० पीएसआय आहे. दुसऱ्याचा दाब पहिल्याच्या मर्यादेपेक्षा एक तृतीयांशाहून अधिक आहे. तरीही ते कित्येक रिव्हॉल्व्हरांच्या चेंबरमध्ये सहज बसते आणि सुटतेही. ‘जास्त दाबाचे काडतूस साध्या शस्त्रात चालेल का’ हा प्रश्न आपल्या घरी या रूपाने येतो, आणि तो विचारला जात नाही, कारण डब्यावर आणि परवान्यावर ‘.३२’ एवढेच वाचले जाते.

माझ्या घरी हेच झाले होते. वडिलांच्या माघारी रिव्हॉल्व्हर रीतसर माझ्या परवान्यावर आले, तेव्हा कपाटातल्या कापडी पिशवीत सव्वीस काडतुसे सुटी निघाली. रंग सारखा, गोळीचा व्यास सारखा. उद्यमनगरच्या कारखान्यांत आयुष्य काढलेल्या माणसाच्या घरात बारीक माप घ्यायचा व्हर्नियर असतोच. तो घेऊन बसलो. एकोणीस पुंगळ्यांची लांबी २३.४ मिलिमीटरच्या आसपास भरली आणि सात पुंगळ्या १७.३ च्या जवळ आल्या. बुडाची कड मोठ्यांची साडेनऊ मिलिमीटर, छोट्यांची नऊच्या किंचित वर. फरक अर्धा मिलिमीटरही नव्हता. त्या सातांच्या बुडाशी कडेच्या वर एक खोल चर होता. ही .३२ एसीपीची खूण आहे आणि ती डोळ्यांनी दिसते, मापाचीही गरज पडत नाही. ती सात काडतुसे तिथे कशी आली, ते विचारायला वडील नव्हते.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. शस्त्र रिकामे आहे, याची आधी डोळ्यांनी आणि बोटाने खात्री करावी आणि काडतुसे दुसऱ्या खोलीत ठेवावीत. मग नळीच्या बाजूवर किंवा सांगाड्यावर कोरलेली अक्षरे भिंगाखाली वाचावीत, नुसते ‘.३२’ असेल आणि पुढचे नाव घासले गेले असेल, तर अंदाज न करता परवानाधारक आर्मररकडून, म्हणजे शस्त्रदुरुस्ती करणाऱ्याकडून, चेंबरचे माप घ्यावे. त्यानंतर प्रत्येक काडतुसाच्या बुडावरची अक्षरे पाहावीत. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या मालावर ‘केएफ’ ही अक्षरे असतात. परदेशी मालावर ‘प्लस’चे चिन्ह आणि ‘पी’ हे अक्षर दिसले, तर माहितीपुस्तिकेत तसे वापरण्याची स्पष्ट परवानगी आहे का, ते शोधावे. पुस्तिकेत उल्लेखच नसेल, तर त्याचा अर्थ नकार असा घ्यावा. बुडावर काहीच नसेल किंवा कोणी हाताने भरून दिलेले असेल, तर ते काडतूस बाजूला काढावे, मग देणारा कितीही जवळचा असो.

लांब काडतूस आखूड चेंबरमध्ये जाणारच नाही, या भरवशावरही राहू नये. .३५७ मॅग्नमची पुंगळी .३८ स्पेशलपेक्षा सुमारे साडेतीन मिलिमीटर लांब ठेवण्याचे कारण तेच होते. परंतु फार जुन्या काही रिव्हॉल्व्हरांत चेंबर आरपार सरळ पाडलेले असतात, आत पायरी नसते, आणि तिथे हे लांब काडतूसही बसून जाते. काडतूस चेंबरमध्ये बसले म्हणजे ते त्या शस्त्राचे आहे, हे सिद्ध होत नाही.

‘लोखंड जाड आहे, काही होत नाही’ असे म्हणणारे मला आमच्याच भागात भेटतात आणि त्याचे मला फार वाईट वाटते, कारण धातू कसा थकतो, हे ओतकाम आणि यंत्रकाम करणाऱ्या कोल्हापूरकरांना कोणी शिकवायची गरज नाही. रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरवर त्याला अडवून धरणारे खाचे असतात. सहा गोळ्यांच्या बहुतेक सिलिंडरांत ते नेमके चेंबरच्या भिंतीवर येतात आणि भिंत तिथेच सर्वांत पातळ असते. वाढीव दाबाने पहिल्या दिवशी सिलिंडर फुटेलच असे नाही. आधी सांगाड्याची वरची पट्टी कणाकणाने ताणली जाते, सिलिंडर पुढेमागे हलू लागतो, नळीच्या सिलिंडरकडच्या तोंडाशी केसासारखी चीर पडते. पिस्तुलात स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, ठरलेल्यापेक्षा जोरात मागे येते, स्प्रिंग दमते आणि सांगाड्यावर आदळ बसू लागते. कारखान्यात शस्त्राची परीक्षा मर्यादेपेक्षा तीसचाळीस टक्के जास्त दाबाने घेतात, हे खरे आहे. ती परीक्षा एकदोन बारांची असते. नेहमीच्या वापराची परवानगी म्हणून तिच्याकडे पाहू नये.

पुंगळी बाहेर काढताना अडकणे, पुंगळीला उभी चीर जाणे, प्रायमर सपाट होऊन कडेपर्यंत पसरणे, बुडाशी फुगवटा येणे, यांपैकी काहीही दिसले तर सराव तिथेच थांबवावा. या खुणा नाहीत म्हणून दाब योग्य आहे, असा उलटा निष्कर्ष मात्र काढू नये. .३२ लाँगसारख्या कमी दाबाच्या काडतुसात प्रायमर सपाट होईपर्यंत दाब शस्त्राच्या मर्यादेच्या कधीच पुढे गेलेला असतो. बाराचा आवाज नेहमीपेक्षा मंद आला, तर पुढचा बार मुळीच काढू नये. आधीची गोळी नळीत अडकलेली असू शकते आणि मग योग्य काडतूसही नळी फोडते.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. चेंबर थोडे वाढवून द्यायला किंवा स्प्रिंग कडक करून द्यायला आपल्याकडे कुशल टर्नर हाकेच्या अंतरावर आहेत, पण परवान्याशिवाय शस्त्राची दुरुस्ती किंवा बदल करणे हा १९५९ च्या शस्त्र अधिनियमाखाली गुन्हा आहे, करणाऱ्याचा आणि करवून घेणाऱ्याचाही. शिवाय उष्णतेची प्रक्रिया केलेल्या सिलिंडरची भिंत दशांश मिलिमीटरने पातळ झाली तर काय होईल, हे लेथवर कळत नाही.

त्या सात काडतुसांचे मी पुढे काय केले, ते नवीन परवानाधारकांना उपयोगी पडेल. अशी काडतुसे पंचगंगेत टाकू नयेत, पुरू नयेत, दारू काढण्यासाठी फोडू तर मुळीच नयेत. मी आकडा, बुडावरची अक्षरे आणि ती कुठे सापडली, एवढे लिहून अर्ज केला, परवान्याची प्रत जोडली, काडतुसे जाड पुठ्ठ्याच्या डबीत वेगवेगळ्या खणांत ठेवून पोलीस ठाण्यात जमा केली आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का व तारीख घेतली. उरलेली एकोणीसही जुनी आणि पावसाळी दमटपणाने हिरवट झालेली होती, म्हणून तीही त्याच अर्जात लिहिली. परवानाधारक विक्रेत्याकडून नवी काडतुसे घेताना ‘बत्तीसची द्या’ असे न म्हणता ‘.३२ स्मिथ अँड वेसन लाँग, रिव्हॉल्व्हरची’ असे पूर्ण नाव सांगितले आणि दुकानातच डबा उघडून एक पुंगळी मोजून घेतली.