अतिवृष्टीचे अनुदान: पंचनाम्यापासून खात्यात पैसे येईपर्यंत

शेजाऱ्याचे पैसे आले, आपले आले नाहीत, असे झाले की घोळ बहुधा गट नंबरात, नावात किंवा बँक खात्यात असतो. तो पंचनाम्याच्या वेळीच सापडला तर निस्तरायला सोपा जातो.

पाणी ओसरायच्या आत शेताचे फोटो काढून ठेवा. एक बांधावरून, ओळखीचे झाड किंवा विहीर दिसेल असा. दुसरा पिकाजवळून, सोयाबीनच्या शेंगांना फुटलेले कोंब दिसतील असा. मग तलाठी, कृषी सहायक आणि ग्रामसेवक यांना कळवा. पंचनामा हे तिघे मिळून करतात. ते शिवारात येतील तेव्हा बांधावर हजर राहा. नुकसान ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नोंदले गेले तरच मदत बसते. ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाइल ॲपवर आपल्या पिकाची नोंद, केलेली नसेल तर पीक कोणते होते इथपासून वाद सुरू होतो.

पंचनाम्यात क्षेत्र हेक्टर-आरमध्ये लिहितात. ०.४० म्हणजे साधारण एक एकर. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०२२-२३ ते २०२५-२६ च्या निकषांनुसार जिरायतीला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना २२,५००, तेही दोन हेक्टरपर्यंत, असे दर त्या काळासाठी ठरले होते. म्हणजे ०.८० जिरायत क्षेत्राचे ६,८०० रुपये. तेच बागायत लागले तर १३,६००. म्हणून विहिरीची नोंद सातबाऱ्यावर आहे का, हे आधीच पाहून ठेवलेले बरे. राज्य सरकार एखाद्या हंगामात मर्यादा वाढवते. २०२५ च्या खरिपात ती तीन हेक्टर केली होती. तेव्हा आपल्या नुकसानीचा शासन निर्णय वाचूनच हिशेब करा.

मदत मिळणाऱ्यांची यादी लागली की आपला विशिष्ट क्रमांक, म्हणजे व्हीके नंबर, उतरवून घ्या. ई-केवायसी, म्हणजे आधारवरून ओळख पटवणे, करायची असेल तर तो नंबर, आधार कार्ड, पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन आपले सरकार सेवा केंद्रात जा. इथे घाई नको. अंगठा देण्याआधी पडद्यावरचे नाव, गट नंबर, क्षेत्र, रक्कम आणि खाते स्वतः वाचा किंवा वाचून घ्या. काही चुकले असेल तर ‘असहमत’ नोंदवा आणि तहसील कार्यालयात लेखी अर्ज देऊन पोच घ्या. एकदा ‘सहमत’ केले की दुरुस्तीसाठी फार हेलपाटे पडतात. पावती जपून ठेवा.

बँकेत आधार दिलेले असले म्हणजे झाले, असे नाही. डीबीटीसाठी, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात पैसे येण्यासाठी, आधार ज्या खात्याशी सगळ्यात शेवटी जोडले गेले, त्याच खात्यात रक्कम जाते. कितीतरी जणांचे पैसे असे विसरलेल्या जुन्या खात्यात सापडतात. मायआधार पोर्टलवर ‘बँक सीडिंग’ची, म्हणजे आधार कोणत्या खात्याला जोडले आहे याची, स्थिती पाहा, खाते निष्क्रिय दिसत असेल तर शाखेत जाऊन ते आधी चालू करून घ्या.

सातबाऱ्यावर जमिनीचे खाते सामाईक असेल तर इतर खातेदारांचे संमतीपत्र लागते. खातेदार वारला असेल तर वारस नोंदीचा फेरफार मंजूर होईपर्यंत रक्कम अडकते, म्हणून ते काम पावसाळ्याआधीच उरका. पीकविमा ही वेगळी बाब आहे. विमा काढला नसला तरी या अनुदानावर तुमचा हक्क राहतो.

बँकेने ही रक्कम कर्जखात्यात वळवली तर शाखा व्यवस्थापकाला लेखी हरकत द्या. मदतीतून वसुली करू नये, असे शासन निर्णयातच म्हटलेले असते. त्याची प्रत अर्जाला जोडा.